शिक्षकाचं काम पाहणार कोण?



डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांच्या स्मृतीला वंदन करून बोलायला सुरुवात करतो. 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात भाऊसाहेबांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस ऑक्सफर्डला गेला, वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन आला आणि 1932 साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे ते दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. कुणब्याच्या, तेल्या-माळ्याच्या, दलिताच्या मुलाला शिक्षणाचं दार उघडं झालं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. ते दार त्यांच्या पिढीनं उघडलं. आत आलेल्या मुलाला काय मिळतं, ही जबाबदारी आपल्या पिढीची आहे. ते पाहायचं तर शिकवणाऱ्या माणसाकडे पाहावं लागतं. म्हणून आजचा विषय मी निवडला: महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं आणि आयटीआय यांत काम करणाऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन आणि त्यांची व्यावसायिक वाढ.

विषय कोरडा वाटेल. कॅस, प्लेसमेंट, एपीआय, गोपनीय अहवाल, वेतननिश्चिती हे शब्द ऐकले की स्टाफरूममध्ये लोकांचा चेहरा पडतो. पण या शब्दांच्या मागे एक साधा प्रश्न उभा आहे. शिक्षक वर्गात जे करतो, ते प्रत्यक्ष पाहणारं कुणी आहे का?

अमरावती असो की अकोला, कोणत्याही शासकीय आयटीआयमध्ये फिटरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. पहिल्या वर्षाचा मुलगा बेंच व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळून कानस मारत असतो. निदेशक त्याच्या हातातली पट्टी घेतात, तिच्यावर गुण्या टेकवतात आणि उजेडाकडे धरतात. गुण्या आणि पट्टी यांच्यातून उजेडाची बारीक रेघ दिसली, की पृष्ठभाग सपाट झाला नाही असं समजायचं. मुलाला सांगावं लागत नाही, त्याला स्वतःलाच ती रेघ दिसते. निदेशक त्याच्या मागे उभे राहून त्याचं मनगट आणि कोपर कुठे चुकतं ते दाखवतात, आणि मुलगा पुन्हा कानस मारायला लागतो. सुरुवातीच्या जॉबला मापात मोकळी सूट असते. पुढे ती मिलिमीटरच्या शतांशांवर येते. मूल्यमापनाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. काम समोर आहे, माप ठरलेलं आहे, चूक जागच्या जागी दिसते आणि दुरुस्त करायची संधी लगेच मिळते.

आता त्याच निदेशकांचं मूल्यमापन कसं होतं ते पाहा. वर्षाअखेर एक नमुना भरला जातो. त्यात स्वतः केलेल्या कामाचा गोषवारा असतो, प्राचार्यांचा अभिप्राय असतो, वरच्या अधिकाऱ्याची प्रतवारी असते. त्या वर्षात त्यांच्या वर्कशॉपमध्ये येऊन, दोन तास उभं राहून ते कसं शिकवतात हे कुणी पाहिलेलं असेलच, याची खात्री नाही. मुलाच्या पट्टीला गुण्या लागतो. निदेशकाच्या कामाला मात्र फाईल लागते. माझं आजचं सारं म्हणणं या विसंगतीविषयी आहे.

हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली आणि ती हिंदुस्थानातही पोचली. इन्स्पेक्टर यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, पास मुलांच्या संख्येवर पैसे ठरायचे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी या निकालाधारित अनुदानाचा विचार केला आहे. गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात ही पद्धत चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अशा वस्तीत स्वतःच्या भरवशावर शाळा काढायला कोणताही शिक्षक धजावणार नाही, कारण त्यावर त्याचं पोट भरणार नाही, हे त्यांचं कारण होतं. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान 12 रुपये तरी असावा, असा आग्रह त्यांनी धरला. फुल्यांना जे दिसलं ते आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. माप चुकीचं निवडलं तर शिक्षक सोप्या मुलांकडे वळतो आणि अवघड मुलं मागे राहतात.

शासकीय सेवेत ब्रिटिशांच्या काळापासून गोपनीय अहवाल आला. त्याच्या नावातच त्याचा दोष होता. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला कळू द्यायचं नाही. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 12 मे 2008 चा देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा निकाल प्रत्येक शिक्षकानं वाचावा असा आहे. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेत अभियंते होते. एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ असा शेरा लागत होता. ‘चांगला’ हा शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कळवला गेला नाही, आणि बढती हुकली. न्यायालयानं सांगितलं की शेरा वाईट असो, साधारण असो की चांगला, प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल. हा निकाल मला नोकरीच्या कायद्यापुरता मर्यादित वाटत नाही. तो अध्यापनशास्त्राचाही निकाल आहे. जो अभिप्राय माणसाला कळतच नाही, त्यातून तो शिकणार काय?

आता आपल्या महाविद्यालयांकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगानं 30 जून 2010 ला नवे नियम काढले आणि एपीआय म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण आपल्या आयुष्यात आले. पहिल्या गटात अध्यापन, दुसऱ्यात सहशालेय आणि विस्तारकार्य, तिसऱ्यात संशोधन. अध्यापनाच्या गटात 125 पैकी किमान 75 गुण मिळवणं कुणालाच अवघड नव्हतं, कारण ते आपण स्वतःच भरायचे होते. खरी चुरस तिसऱ्या गटात होती. मान्यताप्राप्त संशोधनपत्रिकेत लेख छापला की 15 गुण. परिषदेत निबंध वाचून तो कार्यवृत्तात छापला की 10 गुण. मग काय झालं, ते या सभागृहातल्या बहुतेकांना आठवत असेल. गावोगावी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. उद्घाटन, चहा, दोन-दोन मिनिटांची निबंधवाचनं आणि दुपारनंतर प्रमाणपत्रांची रांग. आयएसबीएन क्रमांक घेऊन जाडजूड कार्यवृत्तं निघाली. पैसे भरले की आठवड्यात लेख छापणाऱ्या पत्रिका निघाल्या. आयोगानं 2017 साली मान्य पत्रिकांची यादी काढली आणि 2 मे 2018 ला त्याच यादीतून 4,305 पत्रिका काढून टाकल्या. पुढे केअर नावाची नवी यादी आली आणि 2025 च्या सुरुवातीला तीही थांबवण्यात आली.

यात शिक्षकांची नीयत वाईट होती असं म्हणणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या कला महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस, आठवड्याला सोळा-अठरा तास घेणारा, राष्ट्रीय सेवा योजना सांभाळणारा, परीक्षेची कामं करणारा. त्याच्या हाताशी ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा, ना संशोधनाला सलग वेळ. त्याला सांगितलं की तुझी पदोन्नती लेखांच्या संख्येवर ठरेल. त्यानं लेख आणले. आपण जे मोजतो तेच आपल्याला मिळतं. आपण कागद मोजले, कागद मिळाले.

आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या नियमांनी यात बरीच दुरुस्ती केली, हे मान्य केलं पाहिजे. आता वर्षभरात नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा अधिक तास घेतले तर अध्यापन ‘चांगलं’, 70 ते 80 टक्के असेल तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. सोबत प्रशासकीय, परीक्षेची, विद्यार्थ्यांची अशी इतर कामं किती केली ते पाहायचं. वर्गाला पुन्हा पहिलं स्थान मिळालं, ही चांगली गोष्ट. पण लक्षात घ्या, इथेही मोजले गेले ते तासच. तास झाला की नाही हे कळतं, तासात काय झालं हे कळत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स 80 टक्के तास वाचून दाखवणारा माणूस आणि रोज नवं उदाहरण घेऊन जाणारा माणूस, दोघांच्या रकान्यात एकच शेरा लागतो. जानेवारी 2025 मध्ये आयोगानं जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात नवोपक्रमशील अध्यापन, भारतीय भाषांतलं अध्यापन, समाजाशी जोडलेलं काम अशी नऊ क्षेत्रं पुढे आणली. दिशा चांगली आहे. पण प्रत्यक्ष पाहण्याची सोय नसेल तर या नऊ क्षेत्रांचीही नऊ प्रकारची प्रमाणपत्रं तयार होतील.

तंत्रशिक्षणात थोडा वेगळा प्रयोग झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं 2019 च्या नियमांत सर्व बाजूंनी अभिप्राय घेणारी 100 गुणांची पद्धत आणली. त्यात अध्यापन प्रक्रियेला 25, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला 25, विभागाच्या कामाला 20, संस्थेच्या कामाला 10, वार्षिक अहवालाला 10 आणि समाजासाठी केलेल्या कामाला 10 गुण. 1964 पासून चालू असलेलं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो किंवा आपल्याकडची तंत्रनिकेतनं असोत, तिथल्या शिक्षकांना ही पद्धत परिचयाची आहे. विद्यार्थ्यांना विचारलं पाहिजे, यात शंका नाही. वर्षभर समोर बसलेला माणूस तोच आहे. शिक्षक वेळेवर येतो का, शंका विचारली की ऐकतो का, वहीवर शेरा देतो का, हे तोच सांगू शकतो.

पण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला मर्यादा आहेत. 2015 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना इथल्या एका अभ्यासात लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑनलाइन वर्गात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन सहायक शिक्षक होते. प्रत्येकानं एका गटाला स्वतःच्या नावानं आणि दुसऱ्या गटाला दुसऱ्याच्या नावानं शिकवलं. शिकवणारा माणूस तोच, पण ज्याला विद्यार्थी स्त्री समजत होते त्याला त्यांनी कमी गुण दिले. प्रयोग लहान होता, पण त्यानं दाखवलेला धोका मोठा आहे. आपल्याकडे लिंगाबरोबर जात आहे, बोली आहे, आडनाव आहे. खेड्यातून आलेल्या, वऱ्हाडी ढंगानं बोलणाऱ्या प्राध्यापिकेला पहिल्याच दिवशी ‘बोलायला येत नाही’ असा शेरा मिळू शकतो. कडक शिक्षकाला कमी आणि सढळ हातानं अंतर्गत गुण देणाऱ्याला जास्त, हेही घडू शकतं. म्हणून विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकायचं, पण त्यांना न्यायाधीश करायचं नाही. शिकवण्याच्या पद्धतीविषयी त्यांना विचारावं, माणसाला गुण द्यायला लावू नये.

मग पाहावं कुणी? याचं उत्तर आपल्या अकोल्यातच आहे. कृषी विद्यापीठात संशोधक जेव्हा एखादं वाण किंवा लागवडीची शिफारस तयार करतो, तेव्हा ती राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जॉइंट ॲग्रेस्कोमध्ये मांडावी लागते. अकोला, राहुरी, परभणी, दापोली इथले शास्त्रज्ञ समोर बसलेले असतात. किती वर्षांच्या, किती ठिकाणच्या चाचण्या? प्रचलित वाणाशी तुलना कुठे आहे? कोरडवाहूत उत्पादन किती? समाधान झालं तर शिफारस मंजूर होते, नाही तर आणखी चाचणी घेऊन या, असं सांगितलं जातं. हे मूल्यमापन जाणकार लोक करतात, तोंडावर करतात, कारणं देऊन करतात.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे शिवारफेरी. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शेतकरी येतात. तुरीच्या, सोयाबीनच्या, कपाशीच्या ओळींतून फिरतात, झाड वाकवून शेंगा मोजतात, बोंड उकलून पाहतात, रोगाविषयी विचारतात. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राचं नाव घेऊन आलेली एएमएस मालिकेतली सोयाबीनची वाणं शेतकऱ्यांनी अशीच पाहून, पेरून, पारखून घेतली. प्रयोग कुठे फसला तेही शिवारात दिसतं, लपवता येत नाही. आणि तरीही शास्त्रज्ञाला त्याची भीती वाटत नाही, कारण फेरी शिकण्यासाठी असते, शिक्षेसाठी नाही.

मी म्हणतो, शिक्षणाची अशी शिवारफेरी आपल्याला हवी आहे. प्रत्येक सत्रात एकदा तरी आपल्याच विषयातला दुसऱ्या महाविद्यालयाचा शिक्षक वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावा. आयटीआयमध्ये अमरावतीचा निदेशक अकोल्याला आणि अकोल्याचा अमरावतीला जावा. तास संपल्यावर दोघांनी चहा घेत तासाविषयी बोलावं. उदाहरण कुठे कळलं, कुठे मुलांचे डोळे फिरले, फळ्याचा वापर कसा झाला, प्रात्यक्षिकात किती मुलांचे हात खरोखर यंत्राला लागले. हे बोलणं दोन पानांत लिहून शिक्षकाच्या स्वतःच्या फाईलमध्ये राहावं. प्राचार्यांकडे किंवा सहसंचालकांकडे ते जाऊ नये. सुधारण्यासाठी होणारं मूल्यमापन आणि पदोन्नतीसाठी होणारं मूल्यमापन ही दोन कामं वेगळी ठेवली पाहिजेत. एकच माणूस एकाच वेळी वैद्य आणि न्यायाधीश असेल तर कुणीही आपलं दुखणं त्याला सांगणार नाही.

पदोन्नतीच्या वेळी काय पाहावं? तिथेही काम पाहावं. गेल्या तीन वर्षांतल्या दोन-तीन तासांची पूर्वतयारी, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने, तयार केलेली प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकाची पुस्तिका, आणि आपण काय बदललं व का बदललं याविषयी स्वतः लिहिलेली चार पानं. समितीतल्या तज्ज्ञांनी ती वाचून प्रश्न विचारावेत. आज कॅसच्या, म्हणजे पदोन्नती योजनेच्या, शिबिरात काय चालतं ते आपण जाणतो. स्पायरल केलेल्या गठ्ठ्यांचे तीन-तीन संच, प्रत्येक झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का, आयक्यूएसीची म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाची सही, आणि एका तारखेत फरक पडला की ‘त्रुटी’ असा शेरा. गठ्ठा चाळायला जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात एका शिक्षकाच्या अध्यापनाविषयी खरं संभाषण होऊ शकतं.

काळाचाही विचार करावा लागेल. कॅसचं चक्र टप्प्यानुसार तीन ते सहा वर्षांचं असतं. अकोल्याच्या विद्यापीठाचं पीकेव्ही हायब्रिड-2 सारखं कपाशीचं वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत संशोधकाची दहा-बारा वर्षं जातात. एवढ्या छोट्या चौकटीत त्या कामाचा हिशेब बसत नाही. अर्नेस्ट बॉयर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं 1990 साली विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: नवं शोधणं, वेगवेगळ्या ज्ञानशाखा जोडणं, ज्ञान लोकांच्या कामात आणणं आणि शिकवणं. आपली गुणपद्धती त्यातल्या पहिल्याच प्रकाराला झुकतं माप देत आली. वऱ्हाडाला तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारच्या विद्वानांची सर्वांत जास्त गरज आहे.

एक उदाहरण सांगतो. धारणी-चिखलदऱ्याच्या भागात, मेळघाटात, अनेक मुलांची मायबोली कोरकू आहे. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाही, ती मुंडा कुळातली आहे. अशा मुलाला मराठीतून इतिहास किंवा विजेचं काम शिकवणाऱ्या शिक्षकानं कोरकू शिकून घेतली, यंत्राच्या भागांची नावं आणि सुरक्षिततेचे नियम त्या भाषेत समजावून सांगितले, तर त्याला कोणत्या रकान्यात गुण मिळतात? कुठल्याच नाही. त्याच वेळात त्यानं एखादा लेख छापला असता तर मिळाले असते. ज्या पद्धतीत असं काम अदृश्य राहतं, त्या पद्धतीला शिक्षकाचं काम कळलेलंच नाही.

व्यावसायिक वाढ म्हणजे पगारश्रेणी वाढणं, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. पगार महत्त्वाचा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वाढ म्हणजे काल जे शिकवता येत नव्हतं ते आज शिकवता येणं. 1987 पासून देशात ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली, मग ती मानव संसाधन विकास केंद्रं झाली, 2023 पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग यांतून अनेकांना खरोखर दिशा मिळाली, मित्र मिळाले, पुस्तकं कळली. तरी प्रमाणपत्रासाठी रकाना भरायचा म्हणून जाणारे आपल्यात आहेत, हेही खरं. प्रशिक्षणानंतर वर्गात काय बदललं, हा एक प्रश्न विचारायला आपण सुरुवात केली, तर त्याच वर्गांचं मोल दुपटीनं वाढेल.

आयटीआयच्या निदेशकाची गोष्ट आणखी वेगळी आहे. 1950 साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तेव्हाचा लेथ आणि आजचं सीएनसी यंत्र यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. निदेशकाला दर काही वर्षांनी महिना-दोन महिने कारखान्यात पाठवलं पाहिजे, पूर्ण पगारावर, बदली निदेशक देऊन. वाहन दुरुस्तीच्या निदेशकाला इलेक्ट्रिक गाडीच्या वर्कशॉपमध्ये, वायरमनच्या निदेशकाला सौरऊर्जेच्या कामावर. हे त्याच्या वाढीचं प्रशिक्षण आहे आणि त्याच्या मूल्यमापनाचाही सर्वांत प्रामाणिक भाग आहे. गटनिदेशक किंवा प्राचार्य होणं हीच एक वाट त्याच्यापुढे ठेवली, तर उत्तम कारागीर टेबलामागे जाऊन बसतो आणि वर्कशॉप रिकामं होतं. यंत्राजवळ राहूनही वरची श्रेणी मिळाली पाहिजे.

आणि आता ज्यांच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं त्यांच्याविषयी. आपल्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावर आणि कंत्राटावर काम करणारे तरुण वाहतात. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले. जून-जुलैत मुलाखत, मार्च-एप्रिलमध्ये काम संपतं. त्यांच्यासाठी कॅस नाही, प्रशिक्षण नाही, कामाचा अभिप्राय नाही, आणि पुढल्या वर्षी कामावर घेतील की नाही याची शाश्वती नाही. पदोन्नतीच्या नियमांवर आपण तासन् तास चर्चा करतो आणि वर्गात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाचं मूल्यमापनच करत नाही. त्यांच्या चांगल्या कामाची लेखी नोंद संस्थेनं ठेवली पाहिजे, ती त्यांच्या हाती दिली पाहिजे आणि नियमित नेमणुकीच्या वेळी तिला वजन मिळालं पाहिजे. नियमित पदं भरणं हे शासनाचं काम आहे आणि ते तातडीनं व्हायला हवं. पण कामाची नोंद ठेवायला संस्थांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

वऱ्हाडातल्या शिक्षकांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही. संघटना काय करू शकते, हे याच मातीनं दाखवलं आहे. प्रा. बी. टी. देशमुख आणि नुटा ही प्राध्यापकांची संघटना यांनी शिक्षकांना शासननिर्णय वाचायला शिकवलं. नुटा बुलेटिनमधून नियम, निकाल, विधिमंडळातली उत्तरं स्टाफरूमपर्यंत पोचली. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या नेट-सेटग्रस्त, म्हणजे नेट-सेट नसल्यामुळे अडचणीत आलेल्या, शिक्षकांचा प्रश्न असो की वेतनश्रेणीचा, या चळवळीनं चिवटपणे लढा दिला. हक्क कागदावर सिद्ध करण्याची ही शिस्त आपल्याकडे आहे. तीच शिस्त आता अध्यापनाच्या कामाकडे वळवायची आहे. मूल्यमापन वरून लादलं गेलं तर ते नोकरशाहीचं होईल. शिक्षकांनी स्वतः उभं केलं तर ते व्यवसायाचं होईल. वकिलांना, डॉक्टरांना आपल्या व्यवसायाचा दर्जा आपण सांभाळतो असं म्हणता येतं. शिक्षकालाही ते म्हणता आलं पाहिजे.

म्हणून शेवटी चार विनंत्या करतो. प्राचार्यांना विनंती, की गोपनीय अहवाल लिहायच्या आधी त्या शिक्षकाच्या वर्गात किमान दोनदा बसा, आणि लिहिलेला प्रत्येक शेरा त्याला समोर बसवून वाचून दाखवा. विद्यापीठाला आणि संचालनालयांना विनंती, की संत गाडगेबाबांचं नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत एखादं तरी विषयमंडळ निवडून पुढच्या वर्षी परस्पर वर्गभेटींचा प्रयोग करा. विद्यार्थ्यांना विनंती, की अभिप्रायाच्या फॉर्मवर एका मिनिटात टिकमार्क करू नका. शिक्षकाची कोणती गोष्ट कळली आणि कोणती नाही, ते दोन ओळी लिहून सांगा.

आणि माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना विनंती, की कुणी आदेश काढण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात आपल्या विषयातल्या एका सहकाऱ्याला तुमच्या तासाला बोलवा, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या तासाला जा. त्याला कोणताही शासननिर्णय लागत नाही.